धुऱ्यावरील फेस आणि धानाच्या बुडातील शत्रू

पावसाळ्यात रोवणी आटोपून धान फुटव्यावर आले म्हणजे बांधीच्या धुऱ्यावरील गवतावर आणि तणांवर कोठे कोठे पांढऱ्या फेसाचे लहान गोळे चिकटलेले दिसतात. जणू कोणी वाटसरू थुंकून गेला असावा असे वाटते. हा काही नवा रोग असून तो धानावर पसरेल अशी शंका प्रथम पाहणाऱ्याच्या मनात येते आणि हात फवारणी पंपाकडे वळतो. तथापि असा फेस पाहून केलेली फवारणी निरुपयोगी तर आहेच, शिवाय ती धानाच्या खऱ्या शत्रूला साहाय्यभूत ठरू शकते. यास्तव या फेसाची आणि त्या शत्रूची ओळख प्रत्येक धान उत्पादकाने करून घेणे अगत्याचे आहे.

फेसात कोण राहतो?

गवताच्या काडीने फेस हळूच बाजूस सारल्यास आत एक मऊ, बिनपंखी, लहानसा किडा आढळतो. हे फेसकिड्याचे पिल्लू होय. आपल्या देशात या किड्याच्या अनेक देशी जाती असून त्यांपैकी क्लोव्हिया या वंशातील जाती विविध वनस्पतींवर आढळतात. पिल्लू झाडाच्या कोवळ्या भागात सोंड खुपसून रस शोषते. शरीरातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात ते पोटाच्या हालचालीने हवा मिसळते आणि त्याचा फेस होतो. या फेसामुळे पिल्लाचे नाजूक शरीर उन्हात सुकत नाही आणि शत्रूपासूनही त्याचे रक्षण होते. पाच वेळा कात टाकल्यावर त्याला पंख फुटतात. मग ते फेस सोडून देते आणि बेडकासारख्या लांब उड्या मारू लागते.

एक पाणी पितो, दुसरा अन्न खातो

वनस्पतीच्या अंगात दोन प्रकारच्या वाहिन्या असतात. एकीतून मुळांनी शोषलेले पाणी वर चढते, तर दुसरीतून पानांत तयार झालेले गोड अन्न इतर भागांस पोचते. फेसकिडा पहिल्या वाहिनीतील रस पितो. तो रस बहुतांशी पाणीच असल्याने पोट भरण्यासाठी त्याला तो फार मोठ्या प्रमाणात प्यावा लागतो. फेसासाठी एवढे पाणी कोठून येते, याचे उत्तर हेच आहे. धुऱ्यावरील गवतावर असे थोडे किडे असल्याने धानाचे उत्पन्न घटत नाही.

सर्वच फेसकिडे निरुपद्रवी असतात असे मात्र नव्हे. चीनमध्ये त्यांची एक जात भात व मका या पिकांचे नुकसान करते, तर ब्राझीलमध्ये दुसरी एक जात उसावर उपद्रव करते. इटलीच्या दक्षिण भागात २०१३ साली ऑलिव्हच्या झाडांवर एक घातक जिवाणूजन्य रोग आढळला. त्याचा प्रसार तेथील फेसकिड्यामार्फतच होतो. म्हणून फेस धुऱ्यापुरता न राहता धानाच्या पानांवर मोठ्या प्रमाणात दिसू लागला आणि पाने पिवळी पडू लागली, तर नमुना कृषी विज्ञान केंद्रास दाखवावा.

गोंदिया जिल्ह्यातील धानाचा खरा वैरी म्हणजे तपकिरी तुडतुडा. यालाच आपल्या भागात 'मावा-तुडतुडा' असेही म्हणतात. हा फेस करीत नाही. तो चुडाच्या बुडाशी, पाण्याच्या लगत, सावलीत दडून बसतो आणि दुसऱ्या वाहिनीतील गोड अन्नरस शोषतो. त्याच्या अंगातून पडणाऱ्या चिकट द्रवावर काळी बुरशी वाढते. प्रादुर्भाव वाढल्यास झाडे पिवळी पडून वाळतात आणि बांधीत गोलाकार जळके चट्टे पडतात. वरून हिरवेगार दिसणारे पीक ऐन लोंबीच्या वेळी थोड्याच दिवसांत हातचे जाते ते असे.

फवारणीने शत्रू का वाढतो?

धानाच्या बांधीत कोळी, मिरीड ढेकूण, ढालकिडे आणि चतुर हे आपले न बोलावलेले राखणदार असतात. ते तुडतुड्यांची अंडी, पिल्ले व प्रौढ खातात. अवेळी केलेल्या फवारणीने प्रथम हे राखणदार मरतात. तुडतुड्याची अंडी मात्र पानाच्या आवरणात सुरक्षित राहतात आणि त्यांतून निघालेल्या पिल्लांना अडविणारे कोणी उरत नाही. याच अनुभवावरून इंडोनेशियाने १९८६ साली धानावर ५७ कीटकनाशकांच्या वापरास बंदी घातली. औषधाचा धोका माणसालाही असतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, ही गोष्ट विसरता कामा नये.

काय करावे?

१. रोवणी दाट करू नये. दर दहा ओळींनंतर सुमारे ४० सेंटिमीटरचा पट्टा मोकळा ठेवावा, म्हणजे बुडाशी हवा व ऊन पोचेल.

२. नत्र खत शिफारशीपेक्षा अधिक देऊ नये व ते एकाच वेळी न देता विभागून द्यावे.

३. आठवड्यातून एकदा बांधीत आडवे चालत निरनिराळ्या ठिकाणचे वीस चूड पाहावेत. चूड किंचित वाकवून हाताने थोपटल्यास तुडतुडे पाण्यावर पडतात. ते मोजून टिपून ठेवावेत. कोळ्यांची संख्याही पाहावी.

४. तुडतुडे दिसू लागताच शक्य असेल तेथे बांधीतील पाणी तीन-चार दिवस काढून टाकावे.

५. प्रति चूड सरासरी ५ ते १० तुडतुडे आढळल्यासच औषधाचा विचार करावा. औषध कृषी विद्यापीठाच्या चालू शिफारशीतील असावे आणि फवारा चुडाच्या बुडाशी पोचावा. सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन यांसारखी औषधे वापरू नयेत, कारण त्यांच्या वापरानंतर तुडतुडे पुन्हा अधिक जोमाने वाढतात.

६. फवारताना हातमोजे, तोंडावर आच्छादन व अंगभर कपडे वापरावेत. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील एखाद्या बांधीवर शेतकऱ्यांना एकत्र जमवून धुऱ्यावरील फेस व बुडातील तुडतुडा हे दोन्ही प्रत्यक्ष दाखवावेत. एकदा डोळ्यांनी पाहिलेले सहसा विसरत नाही. शंका असल्यास हिवरा येथील कृषी विज्ञान केंद्राचा किंवा साकोली येथील कृषी संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा. फेस पाहून पंप उचलण्यापूर्वी बांधीत उतरून धानाचे बूड पाहण्याची सवय गावोगाव लागल्यास औषधाचा खर्च वाचेल आणि पीकही वाचेल.