शेजारचे मेज रिकामे असताना

गणपतीसाठी कोकणातील घरी दहा दिवसांचा मुक्काम करावा आणि पडवीच्या कोपऱ्यात लॅपटॉप मांडून मुंबई-पुण्याच्या कचेरीचे काम उरकावे, ही जी वहिवाट कोरोनाच्या काळापासून आपल्याकडे रूढ झाली आहे, ती मला मनापासून प्रिय आहे. परंतु या मुक्कामात कचेरीचे दफ्तरही आपल्याबरोबर गावी येते. आणि ज्यांचा त्या दफ्तरावर डोळा असतो, ते पंचांगातील सुट्ट्या आपल्याइतक्याच बारकाईने पाहत असतात.

बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवर पडलेला दरोडा पाहावा. ४ फेब्रुवारी २०१६ रोजी, गुरुवारी रात्री, ढाक्यातील कचेरी बंद झाल्यावर न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेकडे रकमा वळत्या करण्याचे बनावट हुकूम रवाना झाले. शुक्रवारी ढाक्यात साप्ताहिक सुट्टी, शनिवार-रविवारी न्यूयॉर्कमध्ये, आणि सोमवारी, जेथे पैसा पोहोचला त्या मनिलात चिनी नववर्षाची! सुमारे ९५ कोटी डॉलरांचा तो डाव पुरता साधला नाही, तरी ८ कोटी १० लाख डॉलर मनिलात गेलेच; कारण एकाने खातरजमा करू जावे, तर दुसरा रजेवर असे. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला सुरू झाला तो ११ ऑगस्ट २०१८ हा दिवसही दुसऱ्या शनिवारचा, म्हणजे बँकांच्या सुट्टीचाच होता. सोमवारपर्यंत सुमारे ९४ कोटी रुपये गेले.

कचेरीतील सुरक्षितता आपण कुलपांत आणि यंत्रांत आहे असे मानतो. वस्तुतः तिचा मोठा अंश शेजारच्या मेजावरील माणसात असतो. संशयास्पद पत्र आले की मान वळवून “अहो, हे साहेबांचेच आहे ना?” असे सहज विचारता येते. गावी ही विचारपूस खंडित होते, आणि नेमक्या त्याच वेळी साहेबांच्या नावाने निरोप येतो की, मी बैठकीत आहे, फोन घेता येणार नाही, अमुक खात्यात रक्कम तातडीने भरा. अशा वेळी निरोपातील क्रमांकावर नव्हे, तर आपल्याजवळ पूर्वीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करावा. निघण्यापूर्वीच कोणाच्या रजेत कोणाला विचारायचे ते ठरवून, त्या दोघांचेही क्रमांक कागदावर लिहून पाकिटात ठेवावेत. लॅपटॉपच बंद पडला, तर त्यात जपलेले क्रमांक कोणत्या कामाचे?

सप्टेंबर २०२२ मध्ये उबर कंपनीच्या यंत्रणेत शिरलेल्या इसमाने एका कंत्राटदाराच्या खात्यात पुनःपुन्हा प्रवेश मागितला. संमती विचारणाऱ्या सूचना येत राहिल्या, आणि अखेर त्यांतील एक मान्य झाली. पाहुण्यांच्या गर्दीत, एका हातात मोदकांचे ताट असताना असे कोणाकडूनही होईल. म्हणून स्वतः प्रवेश मागितला नसता आलेली संमतीची सूचना नाकारावी, पासवर्ड बदलावा आणि कचेरीला इत्तिला द्यावी.

बाकीचा बंदोबस्त साधा आहे. लॉजच्या वाय-फायपेक्षा स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट बरा, कंपनीने व्हीपीएन दिले असेल तर ते चालू ठेवावे, आणि सर्व अपडेट शहरातच उरकावेत, कारण रेंजसाठी टेकाडावर जावे लागणाऱ्या गावी ते होत नाहीत. भाच्याने खेळासाठी लॅपटॉप मागितला असता नकार देणे मात्र जिवावर येते. त्याच्यासाठी घरचा जुना टॅब बरोबर न्यावा.

इतके करूनही चूक झाली आणि पैसे गेले, तर बँकेस कळवून तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत-क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांत अधिक असते. माणसे हे तास लाजेने दवडतात, याचे मला फार वाईट वाटते. त्या लाजेचे उत्तरदायित्व वरिष्ठांकडेही आहे. सुट्टीच्या प्रत्येक दिवशी एकाने तरी, आरती चालू असली तरी उठून, फोन घ्यावा अशी तजवीज त्यांनी करून ठेवावी, आणि नुसत्या शंकेपायी फोन करणाऱ्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घ्यावे.