छपराची नाडीपरीक्षा

मृग निघण्यापूर्वी घर शाकारून घ्यायचे, हा आपल्या आजोबा-पणजोबांचा पंचांगात न छापलेला, पण कधीही न चुकणारा मुहूर्त होता. अक्षय्यतृतीया उलटली की ठरलेला माणूस शिडी घेऊन दारात उभा राही. कौले उतरत, झाडली जात, फुटकी बाजूला पडत, कुजलेली रीप बदलली जाई आणि एखाद्या वाशाला वाळवीची माती दिसली तर घरधन्याला वर बोलावून ती दाखवली जाई. या सगळ्याला कोणी ‘पाहणी’ असे भारदस्त नाव दिले नव्हते. पण वर्षातून एकदा जाणत्या डोळ्यांखालून सबंध छप्पर जात होते, हे खरे. तो माणूस आता येत नाही. त्याची मुले कारखान्यात गेली, नातवंडे त्याहून दूर गेली, आणि कौलावर चढून एकही कौल न फोडता खाली उतरण्याची विद्या त्याच्याबरोबरच संपत आली आहे. ज्यांच्याकडे काँक्रीटचे छत आले त्यांनी तर ‘स्लॅब पडला, आता जन्माची काळजी मिटली’ म्हणून वर पाहणेच सोडले. जुने घर असो की नवे, छपराची चौकशी होते ती आता पहिली धार जमिनीवर पडल्यानंतरच.

छप्पर म्हटले की आपल्या सर्वांच्या मनात एकच चित्र उभे राहत नाही, आणि तज्ज्ञाला घरी बोलावण्याआधी हे ध्यानात घ्यावे. बेळगाव-खानापूरकडे आणि गोव्यात घर म्हणजे उतरते छप्पर. त्यावर पूर्वी नळीची कौले होती. पुढे मंगळुरी कौले आली. मंगळूर येथे बासल मिशनच्या लोकांनी १८६५ साली या कौलांचा कारखाना काढला आणि पाहता पाहता सारी पश्चिम किनारपट्टी तांबडी झाली. ग्वाल्हेरकडे जुन्या घरांवर वालुकाश्माच्या लांब पट्ट्या टाकून छत केलेले आढळते. बडोदे, इंदूर, हैदराबाद येथील जुन्या वाड्यांत कुठे कौले, कुठे लाकडी तुळयांवर फळ्या अंथरून वर चुन्याची गच्ची. गुलबर्गा-बीदरपासून मराठवाड्यापर्यंत मातीचे माळवद, म्हणजेच धाबे. प्रत्येकाचा रोग निराळा आणि औषधही निराळे. चुन्याच्या गच्चीला भेग पडली म्हणून वरून सिमेंटचा गिलावा मारणारे गवंडी आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. चुना ओल पितो आणि सोडतोही. सिमेंट तिला कोंडून धरते. चार पावसाळ्यांनी खालच्या तुळईचा भिंतीत गेलेला शेवट हाताने चुरा होतो, आणि दोष मात्र लाकडाच्या वयाला लागतो.

माळवदाविषयी मात्र थोडे थांबून लिहिले पाहिजे. उन्हाळ्यात माळवदासारखा गारवा नाही, हे त्या घरांत वाढलेला कोणीही सांगेल. गळती लागली की वर पांढऱ्या मातीचा आणखी एक थर द्यायचा, हा त्यावरचा रूढ उपाय. जुना थर खरवडून काढण्याचे कष्ट कोण घेतो? पिढ्यानुपिढ्या थरांवर थर चढत गेले आणि धाब्याची जाडी कित्येक घरांत हात-दीड हातावर गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला, तेव्हा मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांच्या जोडीने हे जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. हजारोंनी प्राण गमावले. छप्पर गळते की नाही एवढेच पाहून भागत नाही, ते किती जड आहे आणि कशावर उभे आहे हेही पाहावे लागते, हे त्या पहाटेने दाखवले. आजही ज्यांचे वडिलोपार्जित धाब्याचे घर नांदते आहे, त्यांनी गळतीची वाट न पाहता जाडी मोजून घ्यावी. सावकाश, दोन्ही बाजूंनी सारखे, जाणत्याच्या देखरेखीखाली माती उतरवणे हे काम होण्याजोगे आहे.

आता तज्ज्ञ येतो तो नेमके काय करतो? चांगला तज्ज्ञ आल्याआल्या शिडी मागत नाही. तो रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहतो आणि आढ्याची रेघ पाहतो. ती सरळ असेल तर घराचे निम्मे आरोग्य कळले. मध्ये खोलगट झाली असेल तर खाली काहीतरी वाकले आहे. मग तो वळचणीखालची भिंत पाहतो, पन्हळीचे सांधे पाहतो, आणि नंतर माळ्यावर जाऊन दिवा मालवायला सांगतो. अंधारात जिथे उजेडाचा ठिपका दिसतो तिथून पाणीही येते. वाशांची टोके, विशेषतः भिंतीत गेलेली, तो आरीने टोचून पाहतो. वरून रंग दिलेले, तुकतुकीत दिसणारे लाकूड आत किती पोकळ असते, हे आरी दोन बोटे आत शिरली म्हणजेच कळते. पोकळ वासा ही आपल्या भाषेतील नुसती म्हण नव्हे.

काँक्रीटच्या छताची परीक्षा निराळी. हलक्या हातोडीने ठोकत गेले की भरीव जागी टणक नाद येतो आणि जिथे थर सुटला आहे तिथे भदभदीत. पोपडा पडलेल्या ठिकाणी सळई उघडी दिसली तर समजावे की रोग जुना आहे. काँक्रीट नवे असताना अल्कधर्मी असते आणि त्यामुळे आतील लोखंड सुरक्षित राहते. हवेतील कर्बवायू वर्षानुवर्षे आत मुरत जाऊन हा गुण हळूहळू नाहीसा करतो. त्याची खूण पाहण्याची एक सोपी रीत आहे. ताज्या फोडलेल्या जागी फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण शिंपडतात. गुलाबी रंग आला तर ठीक. रंग न येणारा थर सळईपर्यंत पोचला असेल तर गंज चढण्यास वाट मोकळी झाली. गंजलेले लोखंड मूळच्या दुपटीहून अधिक जागा मागते आणि आतूनच काँक्रीट फोडते. गोव्याच्या किनाऱ्यालगत खाऱ्या हवेने हे सारे आणखी लवकर घडते. याशिवाय रिबाउंड हॅमरने पृष्ठभागाचा कठीणपणा, ध्वनिलहरींच्या यंत्राने आतील पोकळ्या आणि एका छोट्या यंत्राने सळईवरील काँक्रीटची जाडी अजमावता येते. ही यंत्रे पाहून दिपून जाण्याचे कारण नाही. सामान्य घरात निम्म्याहून अधिक निदान डोळे, हातोडी आणि आरी यांवरच होते. उरलेल्या शंकेसाठी यंत्र.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाचा बेळगावातील वाडा शंभरी गाठलेला. तीन भाऊ, थोरले वाड्यातच, दुसरे पुण्याला, धाकटे परदेशी. ऑगस्ट २०१९ च्या पावसात त्या भागातील पुष्कळ जुनी घरे पडली, आणि वाड्यातही माजघराच्या कोपऱ्यात पाण्याची धार लागली. स्थानिक कंत्राटदाराने येऊन पाच मिनिटांत निकाल दिला : सगळे छप्पर उतरवा, स्लॅब टाका. धाकट्यांना ते पटले, पैसे पाठवण्याचीही तयारी होती. मधले म्हणाले, पाडूनच टाकू. वहिनींचे म्हणणे एवढेच होते, की देवघरावरचे छप्पर गळत नाही तर ते कशाला हलवायचे? फोनवरची बोलणी हळूहळू छपरावरून वाटणीवर गेली. तीन दिवाळ्या भाऊ एका पंक्तीला बसले नाहीत.

शेवटी कोणीतरी सुचवले म्हणून एका सेवानिवृत्त स्थापत्य अभियंत्याला ठराविक शुल्क देऊन बोलावले. ते दीड दिवस वाड्यात होते. त्यांच्या अहवालात चार गोष्टी होत्या. सागवानी सांगाडा बहुतांशी धड आहे. पाच वासे आणि माजघरावरील एक तुळई बदलावी. धारेचे मूळ छपरात नसून दोन पाखांच्या मधल्या पन्हळीचा पत्रा कुजण्यात आहे. आणि मातीच्या भिंतींवर स्लॅब टाकणे सर्वथा अयोग्य. कारणही त्यांनी आकड्यांत मांडले होते. मंगळुरी कौले एका चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात आणि त्यांचे वजन चाळीस-पंचेचाळीस किलो भरते. दहा सेंटिमीटर जाडीचा स्लॅब तेवढ्याच जागेत अडीचशे किलोंचा, वर कोबा केला तर निराळेच. ज्या भिंतींनी शंभर वर्षे एक भार वाहिला त्यांच्या माथी एकदम पाच-सहापट भार! अहवालाची प्रत तिघांकडे गेली. थोरल्यांनी म्हटले असते तर तो हट्ट ठरला असता, धाकट्यांनी म्हटले असते तर पैशाचा तोरा. परक्या माणसाने कागदावर लिहिले, ते तिघांनी मानले. पुढच्या वैशाखात काम झाले. मधले महिनाभर येऊन राहिले आणि सुताराच्या डोक्याशी बसून त्यांनी तुळई बसवून घेतली. वाटणीचा प्रश्न अजून सुटलेला नाही, हेही सांगितले पाहिजे; पण निदान तो आता वाटणीचाच प्रश्न आहे.

नव्या घरांची गंमत वेगळी. तीन वर्षांपूर्वी बांधलेला बंगला गळतो तेव्हा मालक सिमेंटच्या कंपनीला शिव्या देतो, आणि दोष निघतो उताराचा. गच्चीला नळाच्या तोंडाकडे शंभरात निदान एक असा उतार हवा; प्रत्यक्षात कित्येकदा नळाचे तोंडच भोवतालच्या फरशीहून बोटभर उंच बसवलेले असते. कठडा आणि स्लॅब यांचा सांधा ही दुसरी ठरलेली जागा. इंदूर-ग्वाल्हेरच्या कडक उन्हात दिवसा प्रसरण, रात्री आकुंचन होऊन तिथे केसाएवढी भेग पडते. आणि तिसरे कारण आपणच वर नेऊन ठेवतो. हजार लिटरची टाकी भरली की एक टन वजन होते, हे टाकी विकत घेताना कोणाच्याही ध्यानात येत नाही. २०२४ साली केंद्र सरकारची सूर्यघर योजना सुरू झाल्यापासून सौर तावदाने बसवण्याची लगबग वाढली आहे. चांगलीच गोष्ट आहे. मात्र तावदानांच्या वजनापेक्षा वाऱ्याने ती उचलली जाण्याची भीती मोठी असते. म्हणून सांगाड्याचे बोल्ट स्लॅबमध्ये ठोकले जातात आणि प्रत्येक बोल्ट जलरोधक थराला एक भोक पाडतो. तावदाने पंचवीस वर्षांच्या हिशेबाने बसतात. खालचे छत तेवढे टिकणार का, हे आधी विचारावे. नंतर ती सगळी उतरवून दुरुस्ती करणे फार महाग पडते.

गळतीवर कोब्यावर कोबा चढवण्याची चाल नव्या घरांतही आहेच. ती माळवदाच्या मातीचीच धाकटी बहीण. दुसरा कोबा करण्यापूर्वी पहिला काढलाच पाहिजे. सिमेंटच्या पत्र्यांविषयी एवढेच, की त्यावर कोणालाही पाय ठेवू देऊ नये आणि जुना पत्रा कोरडा असताना कापू वा फोडू नये. त्यातील ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांना घातक असते.

बोलवावे कोणाला, हा प्रश्न आम्हांस अनेकदा विचारला जातो. आमचे मत स्पष्ट आहे : जो औषध विकतो त्याच्याकडून निदान करून घेऊ नये. ‘पाहणी फुकट’ अशी पाटी लावणाऱ्याची पाहणी बहुधा त्याच्या डब्यातील रसायनापाशीच येऊन संपते. संरचना अभियंता निराळा गाठावा, शुल्क आधी ठरवावे, ते दुरुस्तीच्या खर्चाच्या टक्केवारीत नसावे. आपल्या बहुतेक गावांत अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. बडोद्याच्या कलाभवनाची परंपरा तर १८९० पासूनची. अशा ठिकाणच्या स्थापत्य विभागात चौकशी केली तर योग्य माणसाचे नाव कळते, कित्येकदा चाचण्याही तिथेच होतात. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींना अशी तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या स्वतंत्र घरांना विचारायला सहसा कोणी येत नाही, म्हणून आपणच विचारायचे. अहवाल लेखी असावा, छायाचित्रांसह असावा, आणि त्यात ताबडतोब करावयाचे, वर्षभरात करावयाचे व नुसते लक्ष ठेवावयाचे अशी फोड असावी.

पाहणीचा काळ शक्यतो पावसाळा सरतानाचा, नवरात्राच्या सुमाराचा धरावा. त्या वेळी ओलीचे डाग ताजे असतात आणि पाणी आलेली वाट लपत नाही. शिवाय दुरुस्तीला पुढे सगळा हिवाळा आणि उन्हाळा मिळतो. मेमध्ये बोलावलेल्या तज्ज्ञाला कोरड्या भिंती दिसतात आणि सुतार-गवंडी कोणालाच मोकळे नसतात. तज्ज्ञ येईल त्या दिवशी घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना त्याच्याबरोबर बसवावे. कोणत्या वर्षी कुठे पातेले ठेवावे लागले, हे त्यांना तारखेवार आठवते; तेवढी माहिती कोणतेही यंत्र देत नाही. आणि ज्यांचे छप्पर कौलारू आहे त्यांनी उतरलेल्यांपैकी पन्नास-साठ धड कौले परसात रचून ठेवावीत. जुन्या साच्याची कौले आता सहजी मिळत नाहीत, आणि नव्या मापाचे कौल जुन्यांच्या खाचेत बसत नाही.