चाळीस मिनिटांचा रकाना

सकाळी ७:३०
जालन्याहून गाडी निघते. डॉक्टर, सिस्टर आणि मी. पायाशी गोळ्यांचा खोका, मांडीवर रजिस्टर. मी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात समाजसेविका आहे. आज हसनाबादला ओपीडी. राजूरच्या गणपतीला गाडीतूनच हात जोडले.

९:३०
बाकं भरलेली. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, केसपेपरलाही पैसे पडत नाहीत. पण सध्या कापूस वेचणी चालू आहे. रुग्णाचा रोज बुडतो आणि सोबत आलेल्या बाईचाही. हा खर्च कोणत्याच कागदावर येत नाही.

११:००
आशाताईंनी मागे घरोघर प्रश्न विचारले, त्यातून सापडलेला एक शेतकरी. बायकोने पिशवीतून पाकीट काढलं. महिन्याच्या तीस गोळ्यांतल्या एकोणीस तशाच. रागवावं असं क्षणभर वाटलं, पण बसवून घेतलं. पीकपाणी, पोरांची शाळा, सोसायटीचं कर्ज असं सगळं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "ताई, लाईट रातच्याला येती. गोळी घेतली की डोळे मिटतात. मग हरभऱ्याला पाणी कोण देणार?" डॉक्टरांनी झोप न आणणारी, सकाळी घ्यायची गोळी लिहून दिली. चाळीस मिनिटं गेली. रजिस्टरमध्ये नोंद झाली: एफ ३२, म्हणजे नैराश्य. जुना रुग्ण. औषध दिले.

१२:१५
स्किझोफ्रेनिया असलेल्या एक बाई, एफ २०. आजाराचं नाव ऐकून लोक दचकतात. पण त्या वर्षभर स्थिर आहेत, घर सांभाळतात. इंजेक्शन, वजन, चार शब्द. दहा मिनिटांत मोकळ्या.

दुपारी २:००
डबा उघडला, पण मनात तेच दोन केसपेपर. आजाराच्या नावावरून काम मोजलं तर आजचा हिशेब उलटा पडतो. ऑस्ट्रेलियात २०१६ मध्ये मानसिक उपचारांचं वेगळं वर्गीकरण आलं. त्यात निदानाऐवजी रुग्ण कोणत्या टप्प्यावर आहे हे पाहतात: तीव्र अवस्था आहे की हळूहळू सावरतो आहे, की नुसती तपासणी आहे. असे पाच टप्पे. सरकारी रुग्णालयाला पैसे त्यावरून द्यायचे, हा त्यामागचा विचार.

आपल्याकडे आयुष्मान भारतमध्ये मानसिक आजारांचे दर भरती रुग्णाच्या दिवसांवर ठरतात. हसनाबादचा शेतकरी भरती झालाच नाही. त्याच्याशी बोलून त्याची भरती टळावी, एवढ्यासाठी तर आम्ही येतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क केला. त्या हक्काला माणसं लागतात. रुग्णाकडून पैसा घेऊ नये, हे बरोबरच. पण ऐकून घेण्याला काही मोलच लावलं नाही, तर त्यासाठी माणूस नेमायचा कोणत्या हिशेबाने?

४:३०
खोका हलका झाला. निघताना आशाताईंना बजावलं, टेली-मानस या मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर घरोघर लिहून द्या.

७:००
मासिक अहवाल. नवे किती, जुने किती. मिनिटांना रकाना नाही. मी समासात पेन्सिलीने लिहिते: ४०, १०, २५, १५.

८:००
शेतकऱ्याला फोन केला. मागे रातकिडे. "उद्या सकाळी घ्यायची, ध्यानात आहे ताई. आज लाईट बाराला हाय." समासात आणखी एक आकडा लिहिला: ३.