बटण कुणी दाबलं?

दोस्ता, डोळे मीट बरं! मिटलेस? आता माझ्यासोबत चल.

समज, रात्रीचे अडीच वाजलेत. आपण कडेगाव तालुक्यात आहोत, देवराष्ट्रे गावाजवळ, सागरेश्वरच्या डोंगराच्या पायथ्याशी. शेजारी उसाचं रान सळसळतंय. आसपास चिटपाखरू नाही. एवढ्यात पायवाटेवरून एक साळिंदर डुलत डुलत येतं. पाठीवरचे काटे खुळखुळ वाजतायत. स्वारी अगदी निवांत! एक पाऊल, दोन पावलं, तीन पावलं... आणि त्याचा फोटो निघतो!

लखलखाट नाही. साळिंदराने मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

आता सांग, बटण कुणी दाबलं?

वनरक्षक काकांनी? छे, ते घरी गाढ झोपलेत. मग भुताने? अजिबात नाही!

साळिंदरानेच! आणि तेही बटणाला हात न लावता!

आता डोळे उघड. पायवाटेकडेच्या त्या झाडाकडे बघ. बुंध्याला पट्ट्याने एक डबा बांधलाय. तुझ्या शाळेच्या डब्याएवढाच असेल. रंग हिरवट-तपकिरी, झाडाच्या सालीसारखा. त्याला म्हणतात ट्रॅप कॅमेरा. ट्रॅप म्हणजे सापळा. पण घाबरू नकोस! या सापळ्यात प्राणी अडकत नाही. अडकतो फक्त त्याचा फोटो.

पण डब्याला कळतं कसं, की समोर कुणी आलंय?

त्यासाठी आधी स्वयंपाकघरात जाऊ. भाकरी टाकण्याआधी आई तव्यावर हात धरते, पाहिलंयस? हात तव्याला लावत नाही, वरच धरते. तरी तिला कळतं, तवा तापलाय! कारण तव्यातून धग निघते. ही धग म्हणजे एक प्रकारचा प्रकाशच असतो. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही, एवढंच. मोठ्या वर्गातली मुलं त्याला अवरक्त किरण म्हणतात.

आणि गंमत माहितीये? अशी धग तुझ्यातूनही निघते! आत्ता, हे वाचतानासुद्धा! माझ्यातून, तुझ्या आजीतून, गोठ्यातल्या म्हशीतून, सगळ्यांतून. ट्रॅप कॅमेऱ्याच्या पोटात या धगीसाठी एक खास डोळा बसवलेला असतो.

पण थांब. दिवसभर उन्हात तापलेला दगडही रात्री गरम असतोच की! मग कॅमेरा रात्रभर दगडाचेच फोटो का काढत नाही?

कारण तो स्टॅच्यू खेळतो! तोच आपला मैदानावरचा खेळ. 'स्टॅच्यू!' म्हटल्यावर जो हलला, तो आऊट. दगड हलत नाही, म्हणून दगड वाचतो. साळिंदर हललं की लगेच आऊट, म्हणजे फोटो!

हलणं तरी कसं कळतं? खिडकीत उभं राहून रस्त्यावरून जाणारी सायकल बघ. ती एका गजाआड जाते, मग मधल्या फटीत दिसते, मग पुन्हा पुढच्या गजाआड जाते. कॅमेऱ्याच्या धगीच्या डोळ्यापुढे एक खास भिंग असतं. ते समोरच्या जागेचे असेच पट्टे पाडतं. गरम अंग एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकलं, की कॅमेरा जागा होतो. म्हणून समोरून आडवा जाणारा प्राणी त्याला झटकन कळतो. नाकासमोर सरळ चालत येणारा जरा उशिराच कळतो!

मग या डब्याला कधीच चकवता येत नाही का? येतं की! आणि कोण चकवतं, ऐक.

एक म्हणजे साप. सापाचं अंग आजूबाजूच्या मातीइतकंच गार किंवा गरम असतं. कॅमेऱ्याला वाटतं, मातीच आहे! साप ऐटीत निघून जातो आणि फोटो निघतच नाही. बेडकाचंही तेच.

दुसरं म्हणजे आपल्याकडचा उन्हाळा! मे महिन्यातली कडेगावची दुपार आठव. अंगण कसं भाजून निघतं! अशा वेळी कोल्ह्याचं अंग आणि जमीन दोन्ही जवळजवळ सारखीच तापलेली असतात. मग कोल्हा समोरून गेला तरी कॅमेरा बुचकळ्यात पडतो.

आणि तिसरं आहे गवत. उन्हाने तापलेलं पातं वाऱ्यावर हललं की कॅमेऱ्याला वाटतं, आलं कुणीतरी! मग काढ फोटो, काढ फोटो! कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड संगणकाला लावावं, तर निघतात गवताचे शेकडो फोटो! म्हणून कॅमेरा बांधला की समोरचं गवत आधी साफ करायचं. मला विचारशील तर ट्रॅप कॅमेऱ्यासोबत न्यायची सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे विळा!

बरं, अंधारात फोटो निघतो कसा? हे तर तुला घरीच बघता येईल. टीव्हीचा रिमोट घे. त्याच्या पुढच्या टोकाला छोटासा दिवा असतो. बटण दाबून त्या दिव्याकडे बघ. काहीच दिसत नाही ना? आता मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघ. मागच्या कॅमेऱ्यातून नाही दिसलं तर सेल्फीचा कॅमेरा लाव. दिवा लुकलुकताना दिसेल! आपल्याला न दिसणारा प्रकाश मोबाइलला दिसतो!

ट्रॅप कॅमेऱ्यात असे बरेच दिवे असतात. रात्री तो हाच प्रकाश समोर टाकतो. म्हणून तर साळिंदराला पत्ता लागला नाही! या प्रकाशात रंग मात्र कळत नाहीत. म्हणून रात्रीचे फोटो आजोबांच्या लग्नाच्या अल्बमसारखे निघतात, काळे-पांढरे.

आता समज, तुला दुकानात नेलं आणि म्हटलं, निवड एक कॅमेरा! काय बघशील? फोटो किती मोठा निघतो, ते? मोठी माणसंही आधी तेच विचारतात. मी आधी वेगळंच विचारेन. धग कळल्यापासून फोटो निघेपर्यंत किती वेळ लागतो? चांगला कॅमेरा अर्ध्या सेकंदाच्या आत फोटो काढतो. ढिला कॅमेरा जागा होईपर्यंत कोल्हा पुढे गेलेला असतो आणि फोटोत येते नुसती शेपटी!

मग दिवे बघायचे. काही कॅमेऱ्यांचे दिवे लागताना अंधुक लाल ठिपके दिसतात. काहींचे बिलकुल दिसत नाहीत. लाजऱ्या प्राण्यांसाठी हे दुसरे बरे. शिवाय झाकण घट्ट हवं, नाहीतर पावसात पाणी आत शिरतं. सेल मात्र तेच, भिंतीवरच्या घड्याळातले. कित्येक कॅमेऱ्यांना एकदम आठ लागतात!

आणि बांधायचा किती उंचावर? कडेगावचे मोहरमचे ताबूत पाहिलेस ना? मान मागे टाकून टाकून बघावं लागतं, एवढे उंच! कॅमेरा मात्र अगदी उलटा, जमिनीपासून साधारण दीड फुटावर. तुझ्या गुडघ्याच्या आसपास! का? अरे, कोल्हा, साळिंदर, रानमांजर यांची उंची ती केवढी! माणसाच्या डोळ्याएवढ्या उंचीवर बांधला तर ही मंडळी खालून निघून जातील. आणि तोंड शक्यतो उत्तरेला. म्हणजे सूर्य थेट डोळ्यात येत नाही.

आता एक कोडं. कित्येक ट्रॅप कॅमेऱ्यांच्या फोटोखाली एक पट्टी असते. तीत तारीख, वेळ आणि तापमान छापलेलं असतं. आणि बाजूला चक्क एक छोटासा चंद्र! त्या रात्री कोर होती की पौर्णिमा, तेही कळतं. फोटोवर चंद्र कुणाला हवा असेल बरं?

शिकाऱ्यांना! हो. हे कॅमेरे दुकानात येतात ते मुख्यतः अमेरिकेतल्या शिकाऱ्यांसाठी. तिथे परवाना घेऊन ठरावीक दिवसांत हरणांची शिकार करता येते. हरीण कुठून येतं, किती वाजता येतं, चांदण्यात येतं की अंधारात, हे शिकारी कॅमेरा लावून आधीच पाहून ठेवतात. मला हा लपंडावातला रडीचा डाव वाटतो. राज्य घेताना बोटांच्या फटीतून बघण्यासारखा! तिथल्या ॲरिझोना राज्यालाही असंच काहीसं वाटलं असणार. तिथे 2022 पासून शिकारीसाठी हे कॅमेरे वापरायला बंदी आहे.

आपल्या देशात तर 1972 सालीच वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यामुळे रानातल्या प्राण्यांची शिकार करणं हा गुन्हा आहे.

पण या कॅमेऱ्याची सुरुवातच मुळी एका शिकाऱ्याने बंदूक खाली ठेवली, तिथून झाली! त्या अमेरिकन माणसाचं नाव जॉर्ज शायरस. आधी तो शिकार करायचा. मग बंदूक ठेवून त्याने कॅमेरा घेतला. रानात कॅमेरा ठेवायचा, त्याला दोरी बांधायची आणि दोरीच्या टोकाला खाऊ लावायचा! प्राण्याने खाऊ ओढला की दोरी ताणायची, भक्कन उजेड पडायचा आणि फोटो निघायचा! 1906 साली त्याचे 74 फोटो एका मासिकात छापून आले. लोकांनी डोळे विस्फारून पाहिले. त्यानंतर 1920 च्या दशकात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाच्या वन अधिकाऱ्याने भारतातल्या जंगलात वाटेवर तार लावून वाघांना स्वतःचे फोटो काढायला लावले! पाय तारेला लागला की झालं!

आणि मग लक्षात आली एक भारी गोष्ट. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात! बिबट्याचे ठिपकेही वेगळे. जसे तुझ्या अंगठ्याचे ठसे फक्त तुझे! म्हणजे प्रत्येक वाघ आपला हजेरी क्रमांक अंगावरच घेऊन फिरतो. बाई वर्गात हजेरी घेतात, तशी जंगलात ट्रॅप कॅमेरा घेतो.

पण एक भानगड आहे. वाघाच्या डाव्या अंगावरचे पट्टे आणि उजव्या अंगावरचे पट्टे सारखे नसतात! एकाच बाजूने फोटो काढले, तर आज डावीकडून दिसलेला आणि उद्या उजवीकडून दिसलेला वाघ एकच की दोन, कसं कळणार? म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा लावतात. कबड्डीतल्या दोन संघांसारखे समोरासमोर!

2018 च्या व्याघ्रगणनेत भारतात 26,838 ठिकाणी असे कॅमेरे लावले होते. किती फोटो निघाले असतील? अंदाज कर. हजार? लाख? अंहं! 3 कोटी 48 लाख 58 हजार 623! सेकंदाला एक फोटो बघायचा ठरवलं, न जेवता, न झोपता, तरी 403 दिवस लागतील! यांतले वाघाचे फोटो होते 76,651. पट्टे जुळवून पाहिले, तर वेगवेगळे वाघ निघाले 2,461. या मोजणीची गिनीज विश्वविक्रमात नोंद झाली.

आपल्या सांगली जिल्ह्याची यात एक खास गोष्ट आहे. शिराळा तालुक्यातलं चांदोली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं. प्रकल्प 2010 साली जाहीर झाला. वाघाचे ठसे सापडत होते. पण कॅमेऱ्यापुढे एक वाघ येईल तर शपथ! एक वर्ष गेलं, दोन गेली, आठ वर्षं गेली! आणि मे 2018 मध्ये प्रकल्पाच्या कॅमेऱ्यात पहिल्यांदा वाघ उमटला. ते कार्ड उघडणाऱ्या माणसाला काय वाटलं असेल! मी असते तर नाचत सुटले असते.

आणि वाघ-बिबटे फक्त जंगलातच असतात, असं वाटतं ना? मग हे ऐक. विद्या अत्रेय नावाच्या शास्त्रज्ञ मावशींनी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोल्यात कॅमेरे लावले. तिथे जंगल नव्हतं, उसाची शेतं आणि माणसांची घरं होती. 2013 साली त्यांनी सांगितलेला हिशेब असा: दहा किलोमीटर लांब, दहा किलोमीटर रुंद चौकोनात साधारण पाच मोठे बिबटे! आणि जवळजवळ तेवढेच तरस! माणसं झोपली की ही मंडळी बांधावरून निवांत फिरत होती.

आपल्याकडेही ताकारी आणि टेंभू योजनांचं पाणी आलं आणि ऊस वाढला. रात्री त्या उसातून कोण कोण फिरत असेल, विचार कर! आणि सागरेश्वरचं अभयारण्य? तो डोंगर तर एके काळी उघडाबोडका होता. धो. म. मोहिते यांनी तो हिरवा करायचा ध्यास घेतला. लोकांनी झाडं लावली, हरणं आणून सोडली आणि 1985 साली ते अभयारण्य झालं. जेमतेम 10.87 चौरस किलोमीटरचं, पण माणसांनी उभं केलेलं! आज तिथे चितळ, सांबर आणि काळवीट आहेत.

तिथे सहलीला गेलं आणि झाडाला असा डबा दिसला, तर हात लावू नकोस हं. तो वनखात्याचा हजेरीपट आहे. अभयारण्यात कॅमेरा लावायलाही वनखात्याची परवानगी लागते.

पण तुला तुझा स्वतःचा सापळा आज रात्रीच लावता येईल! कॅमेरा नको, पैसे नकोत. आजीकडून जुनी चाळण माग. परसात, भिंतीकडेच्या वाटेवर बारीक माती चाळून टाक, पाटीएवढी जागा पुरे. हाताने हलकेच सपाट कर. माती थोडी ओलसर असली तर आणखी छान. वनखात्याची माणसंही रानात ठसे मिळवायला अशीच मातीची पाटी करतात.

सकाळी दात घासायच्या आधी जाऊन बघ. चार बोटं आणि पुढे नखांच्या टिकल्या दिसल्या, तर रात्री कुत्रं येऊन गेलं. चार बोटं आहेत पण नखांचा पत्ताच नाही? मग ती मनीमाऊ! मांजर चालताना नखं आत ओढून घेतं. बिबट्याही तसंच करतो. आणि चांदोलीचा वाघही!