संगणकाची शाळा कोण उघडतं? – मुक्त फर्मवेअरची ओळख



सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या शाळेला मागे एक वापरलेला संगणक मिळाला. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर पासवर्ड विचारायचा. आधीच्या कुणीतरी टाकलेला, आम्हाला कोणालाच ठाऊक नाही. विंडोज यायच्या आधीच गाडी अडायची. वर्षभर तो कापड पांघरून कोपऱ्यात पडून होता. शेवटी वायर काढून मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल थोडा वेळ बाहेर ठेवला. पासवर्ड पुसला गेला आणि संगणक सुरू झाला!

तेव्हा चौथीतल्या एकाने विचारलं, "सर, विंडोज तर आलंच नव्हतं. मग पासवर्ड मागत कोण होतं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. आज त्याचंच उत्तर पाहू.

आधी कुलूप, मग परिपाठ

शाळा भरण्याआधी कुणीतरी कुलूप उघडतं, खोल्या झाडतं, घंटा देतं. मग परिपाठ होतो आणि वर्ग सुरू होतात. संगणकातही असंच असतं.

१. वीज मिळताच प्रोसेसर मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमधल्या सूचना वाचू लागतो.
२. त्या सूचना रॅम वापरण्याजोगी करतात. रॅम सैल असेल तर बऱ्याच संगणकांत 'बीप बीप' ऐकू येतं, ते इथूनच.
३. मग कीबोर्ड, पडदा, हार्ड डिस्क यांची तपासणी होते.
४. शेवटी डिस्कवरची विंडोज किंवा लिनक्स शोधून तिच्या हाती कारभार दिला जातो.

हे सगळं करणारा प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. जुन्या संगणकात त्याला बायोस म्हणतात, नव्यात यूईएफआय. आमच्या संगणकात पासवर्ड मागणारा हाच! प्रोग्राम चिपमध्ये कायम राहतो, पण त्याची सेटिंग्ज सेलवर टिकतात. म्हणून सेल काढल्यावर पासवर्ड गेला, प्रोग्राम मात्र राहिला. (अनेक लॅपटॉपमध्ये ही युक्ती चालत नाही, पासवर्ड दुसऱ्या चिपमध्ये असतो.)

मुक्त म्हणजे फुकट नव्हे, मोकळं

बहुतेक कंपन्या फर्मवेअरचा मूळ कोड कुणाला दाखवत नाहीत. म्हणजे शाळा आपली, पण कुलूप कसं बनलंय ते फक्त कुलूपवाल्यालाच माहीत. त्याने दुरुस्ती बंद केली की आपण अडलो. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये चार गोष्टींची मोकळीक असते: वापरणं, अभ्यासून बदलणं, दुसऱ्याला देणं आणि बदललेली प्रतही वाटणं.

अशा फर्मवेअरचं ठळक उदाहरण म्हणजे कोअरबूट. १९९९ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत रॉन मिनिक यांनी ते 'लिनक्सबायोस' या नावाने सुरू केलं. २००८ मध्ये त्याचं नाव कोअरबूट झालं. आज क्रोमबुकमध्ये तेच असतं. त्यावरच आधारलेलं लिब्रेबूट काही जुन्या थिंकपॅड लॅपटॉपवर चालतं.

आपल्या महाराष्ट्रातही!

रायगड जिल्ह्यातील खैराट या छोट्या वस्तीच्या शाळेत २००७ मध्ये 'एका मुलामागे एक लॅपटॉप' या प्रकल्पातून हिरव्या-पांढऱ्या रंगाचे एक्सओ लॅपटॉप आले. रॅम फक्त २५६ एमबी! त्यात मिच ब्रॅडली यांचं 'ओपन फर्मवेअर' होतं. ते बहुतांशी फोर्थ या संगणकीय भाषेत लिहिलेलं आहे आणि त्याचा कोड कुणालाही वाचता येतो. कीबोर्ड, पडदा, कॅमेरा असे भाग तपासण्याची सोय त्या फर्मवेअरमध्येच होती. कारागीर दूर असलेल्या गावात बिघाड नेमका कुठे आहे हे कळणं, हीच निम्मी दुरुस्ती नाही का?

मग आपणही टाकायचं का?

घाई नको. कोअरबूट ठरावीक मदरबोर्डवरच चालतं. चुकीचं फर्मवेअर चिपवर गेलं तर संगणक सुरूच होत नाही. बऱ्याच नव्या संगणकांत त्याच्यासोबत कंपनीचे बंद कोडचे तुकडेही लागतात. म्हणून हे काम जाणकाराचंच.

आपल्याला आजच करता येईल असं मात्र दोन गोष्टी आहेत:

• संगणक भेट घेताना देणाऱ्याकडून बायोसचा पासवर्ड काढून घ्या, किंवा विचारून डेडस्टॉक रजिस्टरच्या नोंदीशेजारी लिहून ठेवा.
• संगणक सुरू होताना पहिले काही सेकंद मुलांना पडद्याकडे बघायला सांगा. कंपनीचं नाव, कोणती कळ दाबायची ती सूचना, जे दिसेल ते वहीत लिहू द्या.

आमच्या चौथीतल्या त्या मुलाने वहीत लिहिलं, "विंडोजच्या आधी कुलूपवाला येतो." मी खाली एकच वाक्य जोडलं: कुलूप आपलं असेल, तर ते कसं उघडतं हेही आपल्याला कळायला हवं.