अप, ऑफ, आउट: छोट्या शब्दांची मोठी करामत

इंग्रजी शिकणाऱ्या परक्या माणसाला सगळ्यात जड काय जातं, हे सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय: क्रियापदाला चिकटणारे छोटे शब्द. सेट ऑफ, सेट आउट, ब्रेक ऑफ. 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव रुळलं ते मात्र बरंच नंतर. लोगन पिअर्सल स्मिथच्या १९२५ च्या पुस्तकानंतर.

नुसत्या याद्या पाठ करू नका. त्या छोट्या शब्दाकडे बघा! 'अप' म्हणजे नेहमी 'वर' नव्हे. पुष्कळदा तो काम पुरतं उरकल्याचं सांगतो. ईट म्हणजे खाणं, ईट अप म्हणजे खाऊन टाकणं. यूज अप म्हणजे वापरून संपवणं. मराठीत आपण 'टाकणे' जोडून जवळजवळ हेच करतो. मला याचं फार अप्रूप वाटतं.

आता जागेची गोष्ट, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते. 'टर्न ऑफ द लाइट' आणि 'टर्न द लाइट ऑफ' दोन्ही बरोबर. पण नामाऐवजी सर्वनाम आलं की ते मधेच बसतं: 'टर्न इट ऑफ'. 'टर्न ऑफ इट' चालत नाही. 'लुक आफ्टर' मात्र फुटत नाही. 'लुक आफ्टर हर' असंच म्हणायचं. म्हणून वहीत सर्वनामासकट छोटं वाक्य लिहा.

वाक्प्रचार तर जसेच्या तसे उचलायचे. 'किक द बकेट' म्हणजे मरणं; 'द'च्या जागी 'अ' आला की उरते फक्त बादलीला लाथ. आणि हा प्रयोग हलक्याफुलक्या बोलण्यातला आहे, शोकसंदेशात कधीही वापरू नका.