दक्षिण क्षितिजावरील शेजारी सूर्य

मे महिन्याच्या अखेरीस, पावसाळी ढगांनी आकाश व्यापण्यापूर्वी, मालवणच्या किनाऱ्यावर रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहावे. समुद्रावर, फारसे उंच नव्हेत असे, दोन तेजस्वी तारे शेजारी शेजारी दिसतात. त्यांच्या उजवीकडे चार ताऱ्यांचा त्रिशंकू असतो. त्रिशंकूच्या बाजूचा तारा मित्रक आणि त्याच्या डावीकडील, अधिक तेजस्वी, तो मित्र. नरतुरंग तारकासमूहातील या ताऱ्यास पाश्चात्त्य ज्योतिर्विद अल्फा सेंटॉरी म्हणतात. व्याध आणि अगस्त्य यांच्या खालोखाल रात्रीच्या आकाशात तोच ठळक होय.

हे दोघे शेजारी भासतात; परंतु मित्रक सुमारे ४०० प्रकाशवर्षे दूर आहे, तर मित्र केवळ ४.३७ प्रकाशवर्षे. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत सुमारे सव्वाआठ मिनिटांत पोहोचतो. मित्राच्या प्रकाशास चार वर्षांहून अधिक काळ लागतो. आज पाचवीच्या विद्यार्थ्याला दिसणारा त्याचा प्रकाश तो विद्यार्थी पहिलीत असताना निघालेला असतो. टॉमस हेंडरसन यांनी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी केलेल्या वेधांवरून हे अंतर काढून १८३९ मध्ये प्रसिद्ध केले.

साध्या डोळ्यांना एकच दिसणारा मित्र वस्तुतः जोडतारा आहे, हे १६८९ मध्ये पुदुच्चेरी येथे धूमकेतूचे निरीक्षण करीत असता फादर रिशो यांच्या दुर्बिणीतून प्रथम उमगले. त्यांतील मोठ्या ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.१ पट, तेज दीडपट आणि पृष्ठभागाचे तापमान जवळजवळ सूर्याइतकेच आहे. धाकटा काहीसा मंद व नारिंगी छटेचा आहे. सुमारे ८० वर्षांत ते परस्परांभोवती एक फेरी पूर्ण करतात. १९१५ मध्ये सापडलेला त्यांचा तिसरा सोबती, प्रॉक्सिमा, साध्या डोळ्यांना दिसत नाही. मात्र सूर्याला सर्वांत जवळचा तारा तोच. त्याच्याभोवती एक ग्रह फिरत असल्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले.

इतक्या दूरच्या ताऱ्याचे सूर्याशी असलेले साम्य कळते ते प्रकाशाच्या पृथक्करणावरून. या विद्येशी सिंधुदुर्ग जिल्ह्याचेही नाते आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची आठवण विजयदुर्गात आजही जपली जाते. त्या वर्षी सूर्याच्या वर्णपटात आढळलेल्या पिवळ्या रेषेतूनच हेलियम या मूलद्रव्याचा शोध लागला.

मित्र सर्वत्र सारखा दिसत नाही. तो खगोलीय विषुववृत्ताच्या सुमारे ६१ अंश दक्षिणेस आहे. मालवणचे अक्षांश १६. नव्वदातून हे दोन्ही आकडे वजा केले की १३ अंश उरतात. हीच त्याची येथील कमाल उंची. हात लांब करून धरलेल्या मुठीहून ती किंचित अधिक भरते. नागपूरला हीच उंची सुमारे ८ अंश, तर दिल्लीस एका अंशाहूनही कमी. भूगोलाच्या तासाला अक्षांश शिकविण्यास याहून सोपे उदाहरण क्वचितच मिळेल. परीक्षांच्या दिवसांत पहाटे उठणाऱ्या मुलांना फेब्रुवारीच्या अखेरीस पाचच्या सुमारास हाच तारा दाखविता येईल.

मात्र क्षितिजालगतचा तारा प्रथम बुजतो तो दिव्यांच्या उजेडाने. किनाऱ्यावर पर्यटनाबरोबर दिवे वाढले आहेत. ते आवश्यक आहेत, यात शंका नाही. परंतु त्यांचा झोत आकाशाकडे व समुद्राकडे जाण्याची आवश्यकता नाही. याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि त्यांची पिले अशा उजेडाने समुद्राऐवजी जमिनीकडे भरकटतात. दिव्यांवर वरून झाकण बसविणे, उजेड रस्त्यावरच पडेल असा खांबाचा कोन ठेवणे आणि मध्यरात्रीनंतर अनावश्यक दिवे मालविणे, एवढे ग्रामपंचायतींनी केले तरी रस्ता उजळलेला राहील, विजेची बचत होईल, पिलांना समुद्राची वाट सापडेल आणि गावातील मुलांना आपल्या अंगणातून दुसरा एक सूर्य पाहता येईल.